तेरा गोळे घ्या आणि शेजारी मोजा

नॅनोकणातले, म्हणजे मोजक्या अणूंच्या अतिसूक्ष्म कणातले बंध शिकवताना मी आधी फळ्याकडे वळत नाही. बीएस्सीच्या पोरांना सारख्या आकाराचे वीस थर्माकोलचे गोळे आणि फेविकॉल आणायला सांगतो. फेविक्विक नको, ते थर्माकोल खातं. टूथपिकही नकोत, काडीमुळे दोन गोळ्यांत फट राहते आणि मोजणी बिघडते.

एक गोळा मध्ये ठेवा, भोवती सहा चिकटवा. मधल्याभोवती सहा खळगे दिसतील. त्यातल्या एकाआड एक तीन खळग्यांत वरून तीन गोळे बसवा. उलटं करून उरलेल्या तीन खळग्यांत आणखी तीन. झाले १३. तांबं, चांदी, सोनं यांच्या स्फटिकात अणू असेच रचलेले असतात.

आता स्केचपेनने प्रत्येक गोळ्यावर त्याला टेकलेल्या गोळ्यांची संख्या लिहा. मधल्यावर १२ येईल, बाकी प्रत्येकावर ५. एकूण स्पर्श ३६. ७२ आले तर प्रत्येक स्पर्श दोनदा मोजलात. आणखी एक थर चढवला तर गोळे ५५ होतात, त्यातले ४२ पृष्ठभागावर.

इथे कुणीतरी विचारतंच, "सर, १२ पैकी ५ शेजारी, म्हणजे पकडही पाच-बारांश ना?" नाही. धातूचा बंध म्हणजे दोन अणूंमधली काडी नव्हे. इलेक्ट्रॉन सगळ्या शेजाऱ्यांत वाटले जातात. वाटेकरी कमी झाले की प्रत्येकाचा वाटा वाढतो. ढोबळ हिशेबाने अणूची एकूण पकड शेजाऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. कॅल्क्युलेटरवर ५/१२ चं वर्गमूळ काढा: ०.६५. म्हणजे एकूण पकड ३५ टक्के घटली, पण उरलेला एकेक बंध दीडपट घट्ट झाला. म्हणून लहान कणांत अणूंमधलं अंतर आखडतं, आणि तरीही कण लवकर वितळतात. सोनं एरवी १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. दोन-तीन नॅनोमीटरचे कण त्याच्या शेकडो अंश खाली. बुफा आणि बोरेल या संशोधकांनी १९७६ मध्ये हे मोजून दाखवलं.

सोनं तसं हट्टी आहे, दरवेळी असा गोलसर कण करत नाही. त्याच्या २० अणूंच्या समूहाचा आकार चतुष्फलकी, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा असल्याचं २००३ मध्ये दिसून आलं. तोही करून बघा: १३ चा कण सोडवा, तळाला १० गोळ्यांचा त्रिकोण, त्यावर ६, मग ३, वर १. वीसच्या वीस गोळे पृष्ठभागावर येतात, आत एकही नाही. टोकाच्या गोळ्याला ३ शेजारी मिळाले नाहीत, तर कुठलातरी जोड सुटलाय.