वेब फॉर्म्सचा पोस्टबॅक गंडला की आधी कुठे बघायचं

एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स हे वेबसाइट बनवायचं तंत्र २००२ साली आलं, पुढे डॉट नेट कोरमध्ये मायक्रोसॉफ्टनं ते घेतलंच नाही, तरी त्याच्यावर बांधलेली जुनी अ‍ॅप्लिकेशन्स आजही निवांत चालू आहेत आणि ती सांभाळायचं काम कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडतंच. पडलं की माणूस एरर कॉपी करून सर्च करतो आणि पहिलं उत्तर मिळतं, "अमुक सेटिंग फॉल्स करा, माझं चाललं". असल्या सल्ल्यांचा मला आता वैताग आलाय. वेब फॉर्म्समध्ये बटण दाबलं की पान पुन्हा सर्व्हरकडे जातं, त्याला पोस्टबॅक म्हणतात, आणि इथले बहुतेक घोळ हे कोड काय लिहिलाय याचे नसतात, तो कोणत्या वेळी चालतोय याचे असतात, आणि सेटिंग बंद करून वेळ बदलत नाही.

व्हिज्युअल स्टुडिओ, आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर), डेटाबेसची कॉपी वगैरे तुमच्याकडे आहे असं धरतो.

१. एरर पूर्ण वाचा

"रनटाइम एरर" एवढंच लिहिलेलं पिवळं पान बघून काही कळत नाही. वेब कॉन्फिग या सेटिंगच्या फायलीत कस्टमएरर्सचा मोड रिमोटओन्ली ठेवा, सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपनं जा आणि तिथल्याच ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकून पान उघडा, खरी एरर स्टॅक ट्रेससकट दिसेल. मोड ऑफ करून लाइव्हवर सोडून देऊ नका, आपल्या फायलींचे पाथ जगाला दाखवायची काही गरज नाही.

दुसरं, ज्या पानाचा त्रास आहे त्याच्या पेज डिरेक्टिव्हमध्ये ट्रेस ट्रू करा. पानाच्या खाली प्रत्येक टप्पा, त्याला लागलेला वेळ आणि कंट्रोलगणिक व्ह्यूस्टेटचे (पानाची अवस्था जपणाऱ्या लपवलेल्या माहितीचे) बाइट्स अशी यादी येते. ही सोय पहिल्यापासून आहे आणि कुणी वापरत नाही.

२. इजपोस्टबॅक बघा

ड्रॉपडाउनमध्ये काहीही निवडलं तरी सेव्ह होताना पहिलाच पर्याय जातोय? पेज लोडमध्ये डेटाबाइंड (यादी भरणारा कोड) उघड्यावर पडलंय, ते इजपोस्टबॅक नसतानाच, म्हणजे पान पहिल्यांदा उघडतानाच, चालेल असं करा. झालं.

३. कोडमधून बनवलेले कंट्रोल गायब होतात

इथे मात्र थांबा, कारण यानं मला सगळ्यात जास्त छळलंय आणि यावरचे सल्लेही सगळ्यात वाईट आहेत.

उदाहरण घ्या कर्जाच्या अर्जाचं. "जामीनदार जोडा" असं बटण आहे, दाबलं की नाव आणि पत्ता अशी टेक्स्टबॉक्सची एक ओळ वाढायला हवी. सगळे काय करतात, तर बटणाच्या क्लिकमध्ये नवीन टेक्स्टबॉक्स बनवतात आणि प्लेसहोल्डरमध्ये टाकतात. पहिल्या क्लिकला ओळ येते, छान वाटतं. त्यात नाव भरून दुसऱ्यांदा दाबलं की दोन ओळी यायच्या ऐवजी पुन्हा एकच ओळ, आणि तीही रिकामी. आणि सेव्ह दाबलं तर एकही ओळ नाही, डेटाबेसमध्ये शून्य जामीनदार.

कारण साधं आहे. प्रत्येक पोस्टबॅकला सर्व्हरवर पानाचं ऑब्जेक्ट नव्यानं जन्माला येतं, मागच्या वेळचं केव्हाच मेलेलं असतं. एएसपीएक्स फायलीत लिहिलेले कंट्रोल फ्रेमवर्क स्वतः पुन्हा बनवतं, पण तुम्ही कोडमधून बनवलेले कंट्रोल त्याला माहीतच नसतात, ते दर वेळी तुम्हीच बनवायचे. व्ह्यूस्टेट कंट्रोल बनवत नाही, बनलेल्या कंट्रोलमध्ये जुनी अवस्था भरतं एवढंच. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी लढाई संपली.

आता बनवायचे कधी? क्रम असा आहे: आधी इनिट, मग व्ह्यूस्टेट लोड होतं, मग ब्राउझरकडून आलेल्या व्हॅल्यू कंट्रोलमध्ये भरल्या जातात, मग लोड, मग ज्यांच्या व्हॅल्यू भरायच्या राहिल्या त्यांना पुन्हा एक संधी, मग चेंजचे इव्हेंट, मग क्लिक, मग प्रीरेंडर, व्ह्यूस्टेट सेव्ह आणि रेंडर. म्हणजे वर्गात उशिरा आलेल्यांसाठी दुसऱ्यांदा हजेरी घ्यावी तसं फ्रेमवर्क व्हॅल्यू दोनदा वाटतं, लोडच्या आधी एकदा आणि लोडच्या नंतर एकदा. क्लिकमध्ये बनवलेला टेक्स्टबॉक्स दोन्ही हजेऱ्यांना गैरहजर असतो म्हणून तो रिकामा. लोडमध्ये बनवलेला दुसऱ्या हजेरीला सापडतो.

"डायनॅमिक कंट्रोल फक्त इनिटमध्येच बनवायचे" असं छातीठोकपणे लिहिलेलं तुम्हाला जागोजागी दिसेल. ओळी ठरलेल्या असतील तर खुशाल इनिटमध्ये बनवा. पण इथे किती ओळी बनवायच्या हा आकडा तुम्ही व्ह्यूस्टेटमध्ये ठेवणार आणि इनिटच्या वेळी व्ह्यूस्टेट अजून लोडच झालेलं नसतं, म्हणजे आकडा हाती येणारच नाही आणि ओळीही बनणार नाहीत. मग लोक तो आकडा सेशनमध्ये टाकतात, आणि एकाच माणसानं दोन टॅब उघडले की एका अर्जाचा आकडा दुसऱ्याला लागतो. नका करू. व्ह्यूस्टेटमध्ये ठेवा आणि पेज लोडमध्ये बनवा, पुरतं.

तर करायचं असं. पेज लोडमध्ये, आणि हे इजपोस्टबॅकच्या अटीच्या बाहेर बरं का, व्ह्यूस्टेटमधून आकडा वाचा आणि तेवढ्या ओळी लूपमध्ये बनवून प्लेसहोल्डरमध्ये टाका. प्रत्येक टेक्स्टबॉक्सला स्वतः आयडी द्या, ठरलेला, दर वेळी तोच. आयडी दिलाच नाही तर फ्रेमवर्क आपल्या मनानं देतं आणि वर एखादा कंट्रोल वाढला की सगळे आयडी सरकतात, मग एकाची व्हॅल्यू दुसऱ्यात. ओळीत काढून टाकायचं बटण असेल तर त्याचा क्लिक हँडलरही इथेच, दर वेळी जोडायचा, पहिल्याच वेळी जोडून चालत नाही. आणि "जामीनदार जोडा"च्या क्लिकमध्ये फक्त दोन कामं: एक ओळ बनवा आणि आकडा एकानं वाढवून व्ह्यूस्टेटमध्ये टाका.

भरलेली नावं वाचायची ती सेव्हच्या क्लिकमध्ये. पेज लोडमध्ये ओळ बनवल्या बनवल्या लगेच टेक्स्ट वाचायला गेलात तर रिकामंच मिळेल, कारण दुसरी हजेरी अजून व्हायचीय, आणि मग तुम्हाला वाटेल की हे काही चालत नाही आणि चांगला कोड पुसून टाकाल.

आता मधली ओळ डिलीट करायची आहे, तिथे नुसता आकडा कमी पडतो. तीन ओळी आहेत, दोन नंबरची काढली, आकडा झाला दोन, पुढच्या पोस्टबॅकला तुम्ही एक आणि दोन नंबरच्या ओळी बनवणार पण ब्राउझरकडून व्हॅल्यू आल्यात एक आणि तीनच्या. तिसऱ्या जामीनदाराचं नाव हवेत विरलं. म्हणून आकड्याऐवजी ओळींच्या नंबरांची यादीच व्ह्यूस्टेटमध्ये ठेवा, डिलीट केलेला नंबर यादीतून काढा, आणि पुन्हा कधीही वापरू नका, नवीन ओळीला नेहमी पुढचाच नंबर.

आणि खरं सांगू का, एवढं सगळं समजून घ्या पण शक्य असेल तर करू नका. एकसारख्या ओळी असतील तर रिपीटर हा ओळी बनवणारा तयार कंट्रोल वापरा. तो बाइंड झालेला असेल तर पोस्टबॅकला आपल्या ओळी व्ह्यूस्टेटवरून स्वतः उभ्या करतो. जोडायच्या क्लिकमध्ये आधी ओळींमधल्या व्हॅल्यू वाचून यादी बनवायची, तिच्यात एक रिकामी भर घालायची आणि मग बाइंड करायचं. वाचायच्या आधी बाइंड केलंत की भरलेलं सगळं गेलं.

४. "इनव्हॅलिड पोस्टबॅक ऑर कॉलबॅक आर्ग्युमेंट"

इथला ठरलेला सल्ला म्हणजे इव्हेंट व्हॅलिडेशन बंद करा. नको. ग्रिडव्ह्यूमधलं बटण दाबल्यावर ही एरर येत असेल तर पुन्हा पायरी दोन, दर पोस्टबॅकला ग्रिड नव्यानं बाइंड होतोय.

दुसरं नेहमीचं कारण जिल्हा आणि तालुक्याचे ड्रॉपडाउन. जिल्हा निवडला की जावास्क्रिप्टनं तालुके भरले, यूजरनं तालुका निवडून सबमिट केलं, आणि सर्व्हर म्हणतो हा पर्याय मी पाठवलाच नव्हता. त्याचं बरोबरच आहे. एकतर जिल्ह्याला ऑटोपोस्टबॅक लावून दोन्ही अपडेटपॅनलमध्ये (पानाचा तेवढाच भाग ताजा करणाऱ्या कंट्रोलमध्ये) टाका, नाहीतर तालुक्यासाठी रनअ‍ॅट सर्व्हर नसलेला साधा एचटीएमएल सिलेक्ट घ्या, व्हॅल्यू रिक्वेस्ट डॉट फॉर्ममधून वाचा आणि तो तालुका त्याच जिल्ह्यातला आहे ना ते तपासा.

५. "व्हॅलिडेशन ऑफ व्ह्यूस्टेट मॅक फेल्ड"

मॅक म्हणजे व्ह्यूस्टेटवरचा शिक्का, मध्ये कुणी फेरफार केला नाही हे ओळखायला. तो बंद करणं म्हणजे तुमच्या सर्व्हरवर परक्याला कोड चालवू देणं, आणि डॉट नेट ४.५.२ पासून तर ते सेटिंग फॉल्स केलं तरी फ्रेमवर्क दुर्लक्ष करतं, त्यामुळे तो सल्ला देणाऱ्यानं तो बऱ्याच वर्षांत स्वतः वापरलेला नाही.

लोड बॅलन्सरमागे दोन सर्व्हर असतील तर दोघांच्या वेब कॉन्फिगमध्ये मशीनकी (हा शिक्का मारायची गुप्त किल्ली) एकच हवी. एकच सर्व्हर आहे आणि अ‍ॅप पूल रिसायकल झाल्यावर (म्हणजे साइट चालवणारी प्रोसेस नव्यानं सुरू झाल्यावर) उघडी पानं फुटतात, तर आपोआप बनलेली की कुठे साठवली जात नाहीये, अ‍ॅप पूलच्या सेटिंगमध्ये लोड यूजर प्रोफाइल ट्रू करा किंवा ठरावीक मशीनकी लिहा.

ही की आयआयएस मॅनेजरमध्ये मशीन की उघडून जनरेट करायची. इंटरनेटवरच्या उदाहरणातून कॉपी करायची नाही, म्हणजे नाहीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की अशा उघड्यावर पडलेल्या ३,००० हून जास्त किया त्यांना सापडल्या आणि त्यातलीच एक वापरून व्ह्यूस्टेटमधून हल्लाही झालेला होता. आयती ब्लॉगवरून उचललेली की तुमच्या कॉन्फिगमध्ये असेल तर आजच बदला.

६. सेशन मधेच जातं

टाइमआउट वाढवून काही होत नाही, कारण बऱ्याचदा सेशन संपत नाही, प्रोसेसच मरते. सेशन इनप्रॉक असेल तर ते वर्कर प्रोसेसच्या मेमरीत असतं आणि अ‍ॅप पूल २० मिनिटं रिकामा बसला की डीफॉल्टनं बंद होतो, शिवाय दर १,७४० मिनिटांनी म्हणजे २९ तासांनी रिसायकल होतो ते वेगळंच. आधी आयडल टाइमआउट बघा.

आणि एक चोर कारण: अ‍ॅप्लिकेशनच्या फोल्डरमधलं एखादं सबफोल्डर कोडनं डिलीट केलं तर अख्खं अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट होतं. रिपोर्टची पीडीएफ टेंप फोल्डरात बनवायची आणि शेवटी फोल्डरच उडवायचं, असा कोड असेल तर एकानं रिपोर्ट काढला की बाकी सगळे लॉगआउट. टेंप फोल्डर साइटच्या बाहेर न्या. एवढं करूनही सेशन जात असेल तर स्टेटसर्व्हर किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेशन ठेवा, फक्त त्यात जाणारे क्लास सीरियलायझेबल हवेत.

७. किरकोळ

अपडेटपॅनलमध्ये फाइल अपलोड रिकामा येतो: बटणाला पोस्टबॅकट्रिगर लावा.

मोठी फाइल जात नाही: मॅक्सरिक्वेस्टलेंथ डीफॉल्ट ४,०९६ केबी आहे, ते वाढवा, आणि आयआयएसची वेगळी मर्यादा मॅक्सअलाउडकंटेंटलेंथ, ती बाइट्समध्ये, डीफॉल्ट ३ कोटी. एक केबीत आणि एक बाइट्समध्ये, इथेच सगळे गोंधळतात.

खूप ओळींचा ग्रिड सेव्ह करताना "ऑपरेशन इज नॉट व्हॅलिड ड्यू टू द करंट स्टेट" आलं तर फॉर्ममधली फील्ड्स १,००० च्या वर गेलीत, मॅक्सएचटीटीपीकलेक्शनकीज वाढवता येतं पण त्यापेक्षा ग्रिडला पेजिंग लावा.

रिस्पॉन्स रिडायरेक्ट ट्रायमध्ये असेल तर कॅचमध्ये थ्रेडअबॉर्ट येतो आणि तुमचा लॉग त्यानंच भरतो. दुसरं आर्ग्युमेंट फॉल्स द्या, पण मग खालचा कोड चालूच राहतो, तेव्हा लगेच कम्प्लीटरिक्वेस्ट आणि रिटर्न लिहा.

लाइव्हवर टाकताना पायरी एकमधला ट्रेस काढा आणि कंपायलेशनमधलं डीबग फॉल्स करा, ते ट्रू राहिलं तर एक्झिक्यूशन टाइमआउट लागूच होत नाही आणि अडकलेली रिक्वेस्ट तशीच लटकून राहते.