शेड आणि घराच्या मधलं दार: आवाजही अडवा, आगही

आमच्या हिंगणघाटकडे ट्रॅक्टरची शेड घराला लागूनच, अन् भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला. त्यामुळे मधलं दार करताना मी सुतार म्हणून आधी आगीचा विचार करतो, मग आवाजाचा.

थर्माकोल, गादीचा फोम, अंड्यांचे ट्रे दाराला ठोकूच नका. हे सगळं भडकन पेटतं आणि आवाजही फारसा अडवत नाही. आवाजाला वजन लागतं. पोकळ फ्लश डोअर काढा, किमान 35 मिलिमीटर जाडीचं भरीव सागवानी दार लावा. ऐपत असेल तर प्रमाणित फायर डोअर घ्या, पण मग त्याला मनाने भोकं पाडू नका.

खरं काम फटींचं. रात्री शेडमध्ये दाराकडे तोंड करून टॉर्च लावा, घरातला दिवा मालवा आणि पाहा. जिथून उजेड येतो तिथूनच आवाज येतो, उद्या धूरही येईल. चौकट आणि भिंतीमधली पोकळी सिमेंटच्या मसाल्याने ठासून भरा; साधा स्प्रे फोम जळतो. चौकटीच्या खाचेत फुगणारी अग्निरोधक पट्टी बसवा. साधारण 200 अंशांवर ती फुगून फट बुजवते. एरवी ती आवाज रोखत नाही, म्हणून रबरी पाकळी जोडलेलीच मागा.

उंबरठा शेडच्या जमिनीपेक्षा उंच घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खालूनच सरकते.

शेवटी डोअर क्लोजर, म्हणजे दार आपोआप बंद करणारा दांडा, लावा; दार उघडं राहिलं तर वरचं सगळं वाया. मे महिन्यात हवेसाठी दाराला विटेचा अद्धा लावतात, तो आधी उचला बाप्पा.