वाढपी उपाशी राहतो: कमांडरमध्ये ‘ग्रुप हग’ खेळताना या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या टेबलावर एखादं नवीन पोरगं येतं, मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळातला कमांडर हा प्रकार खेळायला, आणि तिसऱ्या रविवारी हमखास सांगतं, दादा मी ग्रुप हग डेक बनवलाय. म्हणजे काय तर सगळ्यांना जादा कार्डं, सगळ्यांना लँड (माना देणारी कार्डं), सगळ्यांना माना (कार्ड टाकायला मोजावी लागणारी ताकद, एकच असेल तर मान), कुणाशी भांडण नाही, सगळे आपल्यावर खूश, त्यामुळं आपल्याला कोण मारणार नाही आणि शेवटी आपण जिंकणार. यातलं “सगळे खूश” एवढं बरोबर असतं. बाकीचं मी अजून बघायचंय.

ग्रुप हग वाईट असं मी म्हणत नाही, माझ्याकडं पण एक आहे. पण त्याच त्याच चुका बघून आता कंटाळा आलाय, आणि प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

नवीन लोकांसाठी एका वाक्यात: कमांडरमध्ये बहुतेक वेळा चार जण बसतात, प्रत्येकाचा कमांडर (डेकचा म्होरक्या असलेलं कार्ड) धरून 100 कार्डांचा डेक, बेसिक लँड सोडलं तर एक कार्ड एकदाच, लाइफ 40. म्हणजे तुमच्यासमोर तीन जण आहेत. हा तीनचा आकडा डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

पहिला घास दुसऱ्याला

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, कारण ही सगळेच करतात, यूट्यूबवर बघून आलेले तर जास्तच.

हाउलिंग माइन घ्या. 1993 च्या पहिल्या सेटपासूनचं कार्ड, दोन मानाचं, प्रत्येकाला त्याच्या ड्रॉ स्टेपला (टर्नच्या सुरुवातीला कार्ड घ्यायचा टप्पा) एक कार्ड जादा. वाचायला किती छान, सगळ्यांना सारखं. आता टेबलावर मोजा. माझा ड्रॉ होऊन गेलाय, मी मेन फेजला (कार्डं टाकायचा टप्पा) माइन टाकली, दोन माना गेल्या, हातातलं एक कार्ड गेलं. डावीकडच्यानं जादा कार्ड घेतलं, त्याच्या पुढच्यानं घेतलं, तिसऱ्यानं घेतलं, मग माझा नंबर. तीन कार्डं समोर वाटून झाली तेव्हा कुठं माझं गेलेलं एक कार्ड परत आलं. आणि पुढं पण प्रत्येक राउंडला मला एक, समोरच्यांना मिळून तीन. भिशी आपण चालू करायची, चहा-पोहे आपल्या घरी आणि आपला नंबर शेवटचा, त्यातला प्रकार. आमच्या आईच्या भिशीत तरी चिठ्ठ्या टाकतात, इथं तर तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला शेवटी बसवलंय.

मी काय करतो सांगतो. एक, शक्यतो डिक्टेट ऑफ क्रुफिक्स. काम तेच, माना तीन लागतात, पण फ्लॅश आहे, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नला पण टाकता येतं. माझ्या उजवीकडच्याची टर्न संपत आली की एंड स्टेपला टाकायचं. लगेच माझी टर्न, लँड परत अनटॅप (वापरलेलं कार्ड आडवं करतात ते टॅप, परत सरळ केलं की अनटॅप) आणि पहिलं जादा कार्ड माझंच. एक मान जास्त गेला तर गेला.

दोन, माइनवर नीट वाचा, ती अनटॅप्ड असेल तरच कार्ड देते. माझ्याकडं आयसी मॅनिप्युलेटर असतो, एक मान देऊन कुठलंही आर्टिफॅक्ट, क्रीचर नाहीतर लँड टॅप करता येतं. माझं जादा कार्ड हातात आलं की त्याच टर्नला माइन टॅप करून टाकायची, तिघांच्या टर्नला ती झोपलेली, आणि माझ्या अनटॅपला दोन्ही परत जागे. यात घाई करू नका. मी एकदा गप्पांच्या नादात अपकीपलाच माइन टॅप केली, ड्रॉ व्हायच्या आधी. मग मला पण कार्ड नाही, त्यांना पण नाही, मान गेला तो वेगळाच, आणि आमच्या टेबलावरचे डॉक्टर अजून प्रत्येक वेळी विचारतात, “काय, आज अपकीप का?”

दोन लँड कुणी रिकामी ठेवलीत ते न बघणं

हे गेल्या पावसाळ्यातलं. सांगलीत विश्रामबागला मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत बसलो होतो, बाहेर नुसती झड लागलेली, डॉक्टर (मिरजेचे, दातांचे) दर अर्ध्या तासानं मोबाईलवर आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट झालं ते बघत होते, 40 फुटाला इशारा पातळी म्हणून. चौघं जण: मी, डॉक्टर, इंजिनिअरिंगचं एक पोरगं आणि तासगावचे आमचे काका, द्राक्षबाग आहे त्यांची, टेबलावर तासात चार वाक्यं बोलतात.

पोराचा कमांडर कायनायोस अँड टायरो. डेक नवीन, स्लीव्ह (कार्डांची प्लॅस्टिकची कव्हरं) नवीन, उत्साह ओसंडून चाललेला. तिसऱ्या टर्नला त्यानं तीन लँड होती ती तिन्ही टॅप करून हार्टबीट ऑफ स्प्रिंग टाकलं, म्हणजे कुणीही मानासाठी लँड टॅप केलं की त्या लँडचा अजून एक मान जादा. टाकलं आणि टर्न पास. स्वतःकडं वापरायला एक लँड शिल्लक नाही, दुप्पट मानाचा पहिला फायदा त्याच्या डावीकडं बसलेल्या काकांना. मी काय बोललो नाही, आपल्याला पण मिळतच होतं की.

सहाव्या टर्नला पोरानं चार लँड टॅप केली, आठ माना, आणि प्रॉस्पेरिटी टाकलं. एक मान कार्डाचा, उरलेल्या सात म्हणजे एक्स, तेवढी कार्डं प्रत्येकाला. “सगळ्यांना सात-सात कार्डं!” असं म्हणाला की जसं काय घरचं लग्न आहे. डॉक्टरांनी मोबाईल खाली ठेवला. मी पण हात पुढं केला, कशाला खोटं बोलू.

काका म्हणाले, “थांब जरा, बाळा.”

काकांकडं एक आयलँड आणि एक स्वॅम्प, दोनच लँड अनटॅप होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आधीच्या टर्नपासून. आयलँड टॅप केलं, हार्टबीटमुळं दोन निळे. स्वॅम्प टॅप केलं, दोन काळे. झाले चार माना, आणि फ्लॅशनं आलं नोशन थीफ. हे कार्ड असं आहे की समोरच्यानं आपल्या ड्रॉ स्टेपचं पहिलं कार्ड सोडून दुसरं कुठलंही कार्ड घ्यायला हात घातला, की त्याच्याऐवजी ते थीफवाला घेतो. चार जण गुणिले सात, 28 कार्डं. काकांनी ती पेटीत द्राक्षं भरावीत तशी शांतपणे सात-सातचे ढीग लावून मोजून घेतली. आमच्या तिघांच्या हातात शून्य आलं. आणि चोराला बोलवायचं अर्धं भाडं पोराच्याच हार्टबीटनं भरलं होतं, ते नसतं तर दोन लँडवर चार मानाचं कार्ड येणारच नव्हतं.

पुढची टर्न काकांचीच. कसे जिंकले ते सांगण्यात अर्थ नाही, हातात तीसेक कार्डं आणि दुप्पट माना असल्यावर कुणीही जिंकतो.

पोरगं म्हणालं, “पण मी तर सगळ्यांना देत होतो!”

मी त्याचा डेक बघायला घेतला. त्या टर्नला त्याच्याकडं अजून दोन लँड शिल्लक होती, म्हणजे चार माना, आणि डेकच्या रंगांत निळा पण. काउंटरस्पेल (समोरच्यानं टाकलेलं कार्ड हाणून पाडणारं, म्हणजे काउंटर) दोन मानात होतं. हातात तर नव्हतंच, पण अख्ख्या डेकमध्ये एक पण काउंटर नाही. का, तर म्हणे, “हग डेकमध्ये काउंटर बरा दिसत नाही दादा.” यावर मी काय बोलणार.

तर सवय लावून घ्या. सगळ्यांना कार्डं देणारं काहीही टाकायच्या आधी टेबलावरून एकदा नजर फिरवा, निळ्या-काळ्या डेकवाल्यानं चार माना उगाच रिकाम्या ठेवल्या असतील तर तो उगाच ठेवत नसतो. तीन मानाची नार्सेट, पार्टर ऑफ व्हेल्स समोर बसली असेल तर तिच्या मालकाच्या विरोधकांना एका टर्नला एकापेक्षा जास्त कार्ड घेताच येत नाही, आणि त्यात तुम्ही पण आलात. कॉन्सिक्रेटेड स्फिंक्सवाला तर दुसऱ्यानं घेतलेल्या प्रत्येक कार्डामागं स्वतः दोन घेतो. अशा टेबलावर दानधर्म म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार, फक्त इथं आयजी तुम्ही.

आणि हार्टबीटसारखं काही टाकायचं असेल तर तीन लँडवर टाकू नका हो. सहा-सात होऊ द्या. तीन लँड त्याला गेली तरी उरलेली तीन-चार त्याच टर्नला दुप्पट होतात, तुमचं काम होऊन जातं, मग बाकीच्यांना काय मिळायचं ते मिळू दे. दोन टर्न थांबवत नाही कुणाला, हाच प्रॉब्लेम आहे. डेक नेटवरून उतरवून घेता येतो, थांबणं उतरवता येत नाही.

उपकाराची परतफेड होईल असं धरून चालणं

आपल्या भागात कारखान्याची, सोसायटीची निवडणूक बघितलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये. एकाच्या मटणाला जातात आणि दुसऱ्याच्या पॅनलला शिक्का मारतात, आणि दोन्हीकडं अगदी मनापासून. टेबलावर पण तेच. तुमच्या माइननं दिलेल्या कार्डातनंच एखाद्याला तुम्हाला मारायचं उत्तर सापडतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, त्याला जिंकायचंय.

ठरावाला रूल्समध्ये काही किंमत नाही, शब्द पाळायचा का मोडायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. म्हणून “मी तुला देतो, तू माझ्याकडं बघून घे” असलं गुळमुळीत बोलू नका. “हे कार्ड घे, आणि माझी पुढची टर्न येईपर्यंत माझ्यावर अटॅक नाही, हो का नाही?” मुदत पाहिजे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं पाहिजे. मोडला शब्द तर बाकीच्या दोघांना पण कळतं कोण कसा आहे.

त्याहून बरं म्हणजे अट कार्डावरच छापलेली असावी. एड्रिक, स्पायमास्टर ऑफ ट्रेस्ट बघा, कुणाच्याही क्रीचरनं तुमच्या विरोधकाला कॉम्बॅट डॅमेज दिलं तर त्या क्रीचरच्या मालकाला एक कार्ड घेता येतं. तुम्हाला मारलं तर काही नाही, शेजाऱ्याला मारलं तर कार्ड. बोलायचं कामच नाही, सगळे आपोआप दुसरीकडं तोंड करून बसतात. फेल्डाग्रिफचं पण असंच, एका मानात एखाद्याला हिप्पो द्यायचा नाहीतर दोन लाइफ द्यायचं, पण कुणाला आणि कधी ते तुम्ही ठरवता. सरसकट वाटण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

फुकट दिसलं की घेणं

ही घेणाऱ्यांची चूक, आणि हिच्यावर मी सगळ्यात जास्त ओरडतो. टेम्प्ट विथ डिस्कव्हरी, चार मानाचं. टाकणारा डेकमधनं कुठलंही एक लँड काढून खाली ठेवतो, मग बाकीच्यांना विचारतो, तुम्हाला पण पाहिजे का? जेवढे जण हो म्हणतील तेवढी लँड त्याला अजून. तिघं हो म्हणाले तर तुम्हाला प्रत्येकी एक आणि त्याला चार. कुणीच हो म्हटलं नाही तर चार मानात एक लँड, बिचारा तोंड वाकडं करून बसतो.

पण नाही. पहिला म्हणतो एका लँडनं काय होतंय, मग दुसऱ्याला वाटतं ह्यानं घेतलं तर मी का सोडू, आणि तिसरा तर विचारत पण नाही. मी टर्नमध्ये पहिला असलो की जोरात “मला नको” म्हणतो आणि पुढच्याच्या तोंडाकडं बघत बसतो. निम्म्या वेळेला लाजून सोडतात. डॉक्टर अजून सोडत नाहीत.

आता बारीकसारीक, पटापट.

माइंड्स अग्लोसारख्या जॉइन फोर्सेस कार्डात सगळ्यांनी माना घालायच्या आणि सगळ्यांना तेवढी कार्डं. तुमच्याकडं माना पडूनच असतील तर घालायला हरकत नाही वाटतं ना? अख्खं टेबल टॅप होऊन बसतं आणि मग टाकणारा उरलेल्या मानात पाहिजे ते करतो, अडवायला कोण नाही. दोन तरी ठेवा मागं.

हातात सहा कार्डं असताना व्हील ऑफ फॉर्च्युन. सगळ्यांनी हातातली कार्डं टाकून सात नवीन घ्यायची. समोरचा रिकाम्या हातानं बसलाय आणि तुम्ही त्याला सात देताय. कशासाठी?

घोस्टली प्रिझन, प्रोपगंडा (तुमच्यावर अटॅक करायचा तर समोरच्याला माना भरायला लावणारी कार्डं) ही कुंपणं आधी, दुकान नंतर. उलटं करू नका.

देताय तर टोलनाका पण बसवा. स्मदरिंग टाइथ असेल तर समोरचा कार्ड घेताना दोन माना भरतो, नाहीतर तुम्हाला ट्रेझर (एकदा मोडून एक मान देणारं टोकन). माइन सोबत असली की प्रत्येकाचे दोन ड्रॉ, तिघांचे मिळून राउंडला सहा. नेकुसार तर जादा कार्ड पण देतो आणि समोरच्यानं घेतलेल्या प्रत्येक कार्डामागं त्याला एक डॅमेज पण. नवीन पोरं याला ग्रुप हग म्हणतात. नाही रे बाबांनो.

भडंग खाल्लेल्या हातानं माझ्या कार्डांना हात लावायचा नाही. स्लीव्हला तेल लागलं की शफल होत नाही, दोन-दोन कार्डं चिकटून येतात आणि मग ड्रॉवरून भांडण. चमचा ठेवलाय, तो वापरा.

डेकमध्ये जिंकायचं कार्डच नसणं. हसू नका, त्या पोराच्या डेकमध्ये मी शोधलं, नव्हतं. लोक 100 कार्डं वाटण्यात घालवतात आणि शेवटी कोण जिंकणार ते दुसऱ्यावर सोडतात. चार-पाच तरी ठेवा.

आणि एक तक्रार नेहमी येते, “दादा, आधी चाललं पण आता सगळे मिळून मलाच पहिला मारतात.” होणारच. तीन रविवार एकच डेक आणला की टेबलाला कळतं वाढपी कोण आणि भांडं कुठं ठेवलंय. मी माइन टाकून किती कार्डं कुणाला गेली त्याच्या रेघा जुन्या कॅलेंडरच्या पानामागं मारतो, त्यात ज्याच्या रेघा सगळ्यात जास्त त्यानंच मला मारलंय असं लागोपाठ दोन रविवार निघालं (दोन्ही वेळा काका). तेव्हापासून डेक कपाटात आहे. दिवाळीनंतर काढीन.