किनाऱ्याची एक दिवसाची राईड: या चुका टाळा

सकाळी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडहून मोटरसायकलींवर निघायचं, आगरदांड्याला फेरीबोटीत गाड्या चढवायच्या, राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरायचं, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून संध्याकाळी परत. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास किलोमीटर. सात-आठ गाड्यांचा गट घेऊन मी या वाटेने जाते आणि निघायच्या आधी कुणीतरी विचारतंच, "ताई, दीडशेच ना? मग दुपारच्या चहाला परत येऊ की."

निम्म्या चुका या हिशेबातूनच होतात. हायवेवर दीडशे किलोमीटर म्हणजे तीन तास. इथे वाटेत खाडी आहे, भरती-ओहोटी आहे, दर दोन वळणांनी एक वाडी आहे, आणि वाडीत रस्त्यावर सुपारी वाळत घातलेली असते. तासाला तीस किलोमीटर पडले तरी खूप झाले. जेवण, बोट आणि थांबे धरले की दिवस भरतो. अंतर कमी आहे म्हणून उशिरा निघणारा माणूस दिवसभर घाईत राहतो, आणि ही घाई कुठे ना कुठे नडतेच.

गाडी वाळूवर नेणे

हे मी निघताना सांगते, बोटीत सांगते, दिवेआगरला उतरल्यावर पुन्हा सांगते. तरी दर हंगामात कुणीतरी नेतोच. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी आहे, तसे फलक लावलेले असतात. हिवाळ्यात कासवं याच वाळूत अंडी घालतात, ती वरून दिसत नाहीत. एवढी दोन कारणं पुरायला हवीत. पुरत नाहीत, म्हणून एका दिवसाची गोष्ट सांगते.

पौर्णिमेनंतरची प्रतिपदा होती. आम्ही दहाच्या सुमारास दिवेआगरला पोचलो. मी गाड्या सुरूच्या झाडांखाली लावायला सांगितल्या आणि चहा सांगायला टपरीकडे वळले. परत बघते तर एक मुलगा साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन थेट पाण्याच्या कडेला. वर्षभरापूर्वी गाडी शिकलेला, हौशी, मनाने चांगला. "फक्त एक फोटो, ताई, दोन मिनिटं!" असं ओरडून त्याने गाडी उभी केली.

ओली वाळू फसवते. चाक फिरत असेपर्यंत ती सिमेंटच्या कोब्यासारखी कडक वाटते. गाडी थांबली की चाकाखालची वाळू सैल होते. त्याचा साईड स्टँड आधी रुतला, गाडी कलली. मग त्याने सगळे करतात तेच केलं, बसून अॅक्सिलरेटर पिळला. मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि तीन-चार सेकंदांत स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वाळूला टेकला. एकदा तो टेकला की गाडीचं वजन चाकावर उरतच नाही. मग कितीही रेस द्या, खड्डा तेवढा खोल होत जातो.

आणि भरती सुरू होती. इथे जुन्या माणसांचं गणित सांगायला हवं, कारण मोबाईलला रेंज नसली तरी ते चालतं. तिथीची पाऊणकी करायची. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, गणित तेच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास, कधी त्याहून जास्त इकडेतिकडे होतो, पण आपल्या कामाला एवढं बास. त्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता पूर्ण भरती. पाणी चढायला पावणेसातला लागलेलं. चढायच्या सहा तासांतले मधले दोन तास सगळ्यांत जोराचे, निम्मं पाणी तेवढ्यातच वर येतं. आम्ही नेमके त्या दोन तासांत होतो, आणि पौर्णिमा नुकतीच झाल्यामुळे उधाणही होतं.

जाळं आवरत असलेले एक काका आले, चाकाकडे बघून म्हणाले, "पोरांनो, फोटो मागनं काढा. पानी थांबायचं नाय." तेच वाडीतून झावळ्या घेऊन आले.

अशी रुतलेली गाडी कशी काढायची ते सांगते. इंजिन बंद करा, उतरा, बॅगा काढा. मग सायलेन्सर वर राहील अशा बेताने गाडी हळूच कुशीवर आडवी करा. लोकांना हे करवत नाही, गाडीला ओरखडा पडेल म्हणून जीव कासावीस होतो. पण गाडी आडवी झाली की चाक खड्ड्यातून आपोआप बाहेर येतं. खड्डा वाळूने बुजवा, वर झावळ्या किंवा फळी टाका, गाडी उभी करा. दोन्ही टायरची हवा बरीचशी सोडा, म्हणजे टायर पसरट होऊन वाळूवर बसतो. पुन्हा सीटवर बसायचं नाही. बाजूने चालत, पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच धरून, मागून दोघांनी ढकलत गाडी बाहेर काढायची. घट्ट जमीन लागेपर्यंत थांबायचं नाही. पायाने हवा भरायचा छोटा पंप मी कायम सोबत ठेवते तो यासाठीच.

झावळ्या येईपर्यंत पाणी एक्सलला लागलं होतं. आम्ही सहा जणांनी गाडी बाहेर काढली. पलीकडच्या वाडीतल्या मावशींनी विहिरीवर बोलावून घेतलं, आणि कळशीने पाणी ओतून चेन, ब्रेक, चाकांचे आरे सगळं धुऊन काढलं. एवढं करूनही दोन महिन्यांनी त्या मुलाचा फोन आला, मागच्या चाकाचं बेअरिंग वाजायला लागलं होतं. उघडलं तर आत गंज.

दिवेआगरची वाळू बघायची असेल तर बूट काढा आणि चालत जा. अनवाणी पायांना ती गाडीवरून कळते त्यापेक्षा कितीतरी चांगली कळते.

पुढचा गेला म्हणून आपणही त्याच वेगाने

या खटपटीत आमचे दोन तास गेले. खरी चूक यानंतर झाली, आणि त्यातला एक भाग माझा होता: मी वेळेबद्दल मोठ्याने बोलले. लीडने, म्हणजे गटाच्या पुढे चालणाऱ्याने, "बोट चुकेल" म्हटलं की मागच्या सगळ्यांच्या मनगटात ते शिरतं. आता मी तो शब्द काढतच नाही. उशीर झाला तर हरिहरेश्वर वगळते आणि तसं सरळ सांगते. त्या दिवशीही वगळलं, पण बोलून गेल्यावर.

श्रीवर्धनहून परतताना आम्ही शेखाडीच्या रस्त्याने येतो. मी जाताना मुद्दाम आतल्या बोर्ली पंचतनच्या रस्त्याने नेते आणि किनाऱ्याचा रस्ता परतीसाठी ठेवते. आपण डावीकडून चालवतो. उत्तरेकडे येताना समुद्र डाव्या हाताला, आपल्याच बाजूला असतो. थांबावंसं वाटलं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट्या दिशेने जाणारे समोरच्या गाड्यांमधून आडवे घुसून कठड्याकडे येतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

हा वीसेक किलोमीटरचा रस्ता म्हणजे या किनाऱ्याचं काळीज आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काळे खडक आणि लगेच पाणी. पण वळणावळणाला वाऱ्याने आणलेली वाळू पडलेली असते, आणि डोंगराच्या बाजूला जांभ्याची बारीक लाल खडी. समोर समुद्र इतका सुंदर दिसतो की खाली बघायचं राहून जातं.

आमच्यातली एक मुलगी पाचव्या नंबरवर होती. पुढची गाडी वळणाआड गेली, आपण मागे पडलो असं तिला वाटलं आणि तिने वेग वाढवला. वळणात वाळू दिसली तेव्हा गाडी कललेली होती, आणि घाबरून तिने पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक सटकलं. वेग फार नव्हता. ग्लोव्ह्जमुळे हात वाचले, जॅकेटमुळे कोपर वाचलं. पायात मात्र घोट्याखाली संपणारे स्पोर्ट्स शूज होते. गाडीखाली सापडून घोटा सुजला तो तीन आठवडे उतरला नाही. शेवटच्या गाडीवरचा आमचा स्वीप मिनिटभरात तिच्यापाशी पोचला होता. तिला त्याची आठवणच राहिली नव्हती. आपल्या मागे कुणीतरी आहे हे तेव्हा तिच्या डोक्यात असतं, तर तिने घाई केली नसती.

म्हणून सकाळी पद्धत सांगताना लक्ष द्या, फोनमध्ये डोकं घालू नका. पुढे लीड, शेवटी स्वीप. प्रत्येक फाट्यावर लीडच्या लगेच मागचा माणूस थांबतो, सगळ्यांना वाट दाखवतो आणि स्वीप आला की त्याच्या पुढे लागतो. त्यामुळे पुढची गाडी दिसेनाशी झाली तरी कुणी हरवत नाही. पाठलाग करायचं कारणच उरत नाही.

अंतर राखायला माझी सवय सांगते. पुढची गाडी विजेच्या खांबापाशी गेली की मनात "गणपती बाप्पा मोरया" म्हणायचं. ते पूर्ण व्हायच्या आधी आपण खांबापाशी पोचलो तर फार जवळ आहोत. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा. वळणात वाळू दिसलीच तर अॅक्सिलरेटर जसा आहे तसा ठेवायचा, गाडी जमेल तेवढी सरळ करायची, पुढचा ब्रेक सोडून द्यायचा, आणि नजर वळण जिथे संपतं तिथे ठेवायची. कठड्याकडे बघाल तर कठड्याकडेच जाल. हे यूट्यूबवर बघून येत नाही. घराजवळच्या मोकळ्या मैदानात चार रविवार घालवा आणि मग या, मी आनंदाने घेऊन जाईन.

फेरीबोटीचा उतार

बोटीचा लोखंडी उतार ओला असतो, वर शेवाळ आणि डिझेल. पुढच्या ब्रेकला हात लावू नका, पहिल्या गिअरमध्ये सरळ रेषेत सावकाश चढा. आत गाडी गिअरमध्ये ठेवा आणि शेजारी उभे राहा, फोटोसाठी वरच्या डेकवर जायच्या आधी कुणालातरी गाडीपाशी ठेवा. लाट आली की साईड स्टँडवरच्या गाड्या एकीवर एक पडतात. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ सकाळी तिकीट काढतानाच खिडकीवर विचारा. नेटवरच्या वेळा धरून चालू नका. तिकिटासाठी सुटे पैसे जवळ असू द्या.

बाकीच्या

पेट्रोल आदल्या रात्री भरा. सकाळी आठ जणांनी पंपावर रांग लावली की पाऊण तास गेलाच.

हाफ पँट आणि सँडल घालून आलेल्याला मी नेत नाही. त्यावर वाद घालू नका.

उपाशी निघू नका आणि दुपारी पोट फुटेस्तोवर जेवूही नका. सुरमईची थाळी, वर दोन मोदक आणि तीन वाट्या सोलकढी झाल्यावर दोन वाजता डोळे मिटायला लागतात. मी जेवणानंतर अर्धा तास सगळ्यांना सुपारीच्या वाडीत बसवते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ याच पट्ट्यावर आदळलं. पिढ्यान् पिढ्या जपलेल्या वाड्या त्यात आडव्या झाल्या. नव्याने लावलेली रोपं आता कुठे डोक्याच्या वर गेली आहेत. वाडीवाल्यांशी बोला, ते सांगतात. आणि जेवणाची ऑर्डर सकाळी बोटीतूनच फोनवर द्या. घरगुती खाणावळीत मासा ताजा घेऊन करतात, त्याला तास लागतो. ताटासाठी त्यांच्यामागे घाई लावू नका.

हरिहरेश्वरच्या देवळाची प्रदक्षिणा समुद्राकाठच्या खडकांवरून जाते, ती भरतीच्या वेळी करायची नाही, समुद्र शांत दिसला तरी नाही. त्या खडकांवरून माणसं वाहून गेलेली आहेत. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास भरती असते, तेव्हा देवळात दर्शन घ्या आणि निघा. रायडिंग बूट त्या ओल्या खडकावर अजिबात धरत नाहीत.

नुसतं काळ्या काचेचं हेल्मेट आणू नका. परतीला ऊन डाव्या डोळ्यात येतं म्हणून काळी काच बरी वाटते, पण दिघीला पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो.

आणि घरी गेल्यावर गाडी तशीच झाकून ठेवू नका. वाळूत गेली नसली तरी दिवसभर खारा वारा खाल्लेला असतो, बोटीत तुषार उडालेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गोड्या पाण्याने धुवा, चाकं आणि ब्रेक आधी. गाडी उन्हात पूर्ण वाळू द्या, चेनला ल्यूब लावा, आणि गल्लीत एक चक्कर मारून दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघा.