अंदमानला जाताय? मग चॅथमची सॉ मिल अशी बघा

आपल्याकडची बहुतेक मंडळी अंदमानला जातात ती सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी बघायला, त्यात चूक काहीच नाही, पण टूरवाले जाता जाता चॅथमची सॉ मिल (लाकूड कापायची गिरणी) जी घाईघाईत उरकतात ना ती मात्र वसूल होत नाही. ही सरकारी मिल १८८३ची आहे, म्हणजे जेलचं बांधकाम सुरू झालं (१८९६) त्याच्याही १३ वर्षं आधीची! त्यामुळे हिच्यासाठी एक सकाळ वेगळी काढा, रविवारी बंद असते आणि दुपार कलल्यावर गेलात तर मशीन थांबलेली दिसतील.

पोर्ट ब्लेअरमधून (आता अधिकृत नाव श्री विजयपुरम) छोटासा पूल ओलांडला की चॅथम बेट. पुलावर जरा थांबा आणि पाण्याकडे बघा, कारण मिल इथेच का काढली याचं उत्तर तिथेच आहे. तेव्हा बेटांवर फारसे रस्ते नव्हते, झाडं तोडायची, हत्तींनी ओंडके किनाऱ्यापर्यंत ओढत आणायचे, तिथे एकत्र बांधून तराफे करायचे आणि समुद्रातून ओढत मिलपाशी आणायचे. कापलेला माल परत बोटीतच भरायचा. म्हणजे येणं पाण्यातून आणि जाणंही पाण्यातूनच.

आत गेल्यावर लोक थेट मशीनकडे पळतात, तसं करू नका, आधी फॉरेस्ट म्युझियम बघा. तिथे लाकडांच्या जाती डोळ्यात बसवून घ्या, निदान दोन तरी, पडौक आणि गर्जन. पडौक म्हणजे लालसर, अंदमानचंच झाड, महागड्या फर्निचरचं. त्याच्या बुंध्याला फळ्यांसारखी पसरट मुळं फुटतात, त्यातून एका तुकड्याचं अख्खं टेबल निघतं. गर्जन त्यामानाने साधं, उंच सरळ वाढणारं, प्लायवुडला चालणारं. एवढं कळलं की बाहेर यार्डात पडलेले ओंडके तुम्हाला आपोआप ओळखू यायला लागतात आणि तिथून पुढे खरी मजा आहे.

मग शेडमध्ये लाकडाच्या मागे मागे जा. ओंडका आधी मोठ्या बँड सॉवर (पट्ट्याची करवत) उभा चिरतात, त्याचे जाड तुकडे पुढच्या करवतींवर जाऊन फळ्या होतात, कडा कापतात, मग प्रतवारी आणि वाळवण. ओल्या लाकडाची फळी नंतर पिळवटते म्हणून वाळवणीला इतका मान, आपल्या गावच्या वखारवाल्याला विचारा, तोही हेच सांगेल. भुसा उडतो, दम्यावाल्यांनी तोंडाला रुमाल बांधा. मोबाईल काढायच्या आधी गेटवर विचारून घ्या.

आवारात जपानी बॉम्बचा खड्डा आहे, मार्च १९४२चा, त्याच महिन्यात जपान्यांनी बेटं घेतली. सगळे फोटो तिथलेच काढतात, काढा तुम्हीपण, पण चॅथमची त्याहून जुनी गोष्ट विसरू नका, १८५८ला कैद्यांची पहिली तुकडी उतरली ती इथेच, आणि गोड्या पाण्याची बोंब झाल्यावर मुक्काम जवळच्या रॉस बेटावर (आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) हलला. त्याही आधी १७८९ला ईस्ट इंडिया कंपनीच्या ब्लेअरने (पोर्ट ब्लेअर हे नाव त्याच्यावरूनच) इंग्रजांची पहिली वसाहत मांडली तीसुद्धा इथेच.

आता एक अपेक्षा कमी करून जा, पूर्वीसारखी धडधड दिसणार नाही. २००२ला सुप्रीम कोर्टाने बेटांवरची नैसर्गिक झाडं तोडण्यावर कडक बंधनं घातली आणि लाकूड मुख्य भूमीवर पाठवणं बंद केलं, स्थानिक गरजेपुरतंच उरलं. काही जण निराश होऊन "काय हे, अर्धी मिल झोपलीय" म्हणतात, मला विचाराल तर ती शांतता बघण्यासारखी आहे, जंगल कापून कापून किती कापणार!

लाकडी वस्तू घ्यायच्या असतील तर पक्कं बिल घ्या, एअरपोर्टवर वाद नको. आणि वेळ उरला तर शेजारच्या जेट्टीवरून पलीकडच्या बांबूफ्लॅट गावची फेरी पकडा, गाड्यासुद्धा चढतात तिच्यावर, तिकीट किरकोळ.