सीबीटी सुरू आहे, पण नैराश्य हलत नाही : कुठे काय तपासावं

आठवड्याला एक सेशन, पाऊण ते एक तास. बाहेर पडताना हलकं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. नैराश्यासाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी मानसोपचार पद्धत (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), घेणारे अनेक जण हेच सांगतात. अशा वेळी पद्धत कुचकामी आहे असं ठरवण्याआधी एक गोष्ट पाहावी : खरोखर सीबीटी चालली आहे, की तिच्या नावाखाली नुसतं बोलणं? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली, तेव्हा तिचा गाभा होता पडताळणी. मनात येणारा विचार हा अंदाज समजायचा, तो कागदावर उतरवायचा आणि प्रत्यक्षात तपासायचा. यातलं काही होत नसेल, तर सेशन कितीही सुखद असलं तरी फरक पडण्याची आशा कमीच.

आधी मोजमाप

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजण्याची प्रश्नावली भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र आणि वीसपासून तीव्र नैराश्य मानतात. दर दोन आठवड्यांनी, ठरलेल्या वारी भरावी आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. पाच गुणांची घट झाली तर ती अर्थपूर्ण सुधारणा धरली जाते.

एवढा खटाटोप कशासाठी? नैराश्यात आठवणसुद्धा एका बाजूला झुकते. वाईट दिवशी विचारलं तर माणूस ‘काहीच फरक नाही’ म्हणतो आणि मनापासून म्हणतो, मग आकडा १९ वरून १३ वर आलेला का असेना. उलटही घडतं : थेरपिस्टशी छान जमतं, म्हणून सगळं ठीक चाललंय असं दोघांनाही वाटत राहतं, आणि आकडा मात्र जागचा हलत नाही. सहाव्या सेशनपर्यंत काहीच घट नसेल, तर तो आकडा समोर ठेवून ‘आपण काय बदलायचं?’ असं सरळ विचारावं. यात उद्धटपणा काही नाही. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाची वाटच पाहत असतो.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर पुढच्या सेशनची वाट न पाहता थेरपिस्टला कळवावं. विचाराला बेत किंवा साधन जोडलं गेलं असेल, तर एकटं राहू नये. जवळच्या माणसाला सोबत घेऊन थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं.

विचारांच्या आधी हालचाल

बरेच जण पहिल्याच आठवड्यात विचारांशी झटापट करायला जातात. नैराश्य तीव्र असेल तर लक्ष टिकत नाही, विचारांचा तक्ता अर्धवट राहतो आणि ‘हेही जमलं नाही’ ही नवी बोचणी तयार होते. १९९६ साली मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सीबीटीचे भाग सुटे करून तपासले. नुसतं वर्तनाचं काम, म्हणजे ठरवून कृती, केलेल्या गटाला संपूर्ण सीबीटी घेतलेल्या गटाइतकाच फायदा झालेला दिसला. म्हणून पहिले तीन-चार आठवडे इथे घालवले तर ते वाया जात नाहीत.

पहिला आठवडा फक्त नोंद करायची, काही बदलायचं नाही. दर तासाला काय केलं ते दोन-तीन शब्दांत, आणि शेजारी ० ते १० मध्ये दोन आकडे : किती बरं वाटलं, आणि काहीतरी जमल्यासारखं किती वाटलं. हे दोन वेगळे ठेवणं महत्त्वाचं. साचलेली भांडी घासून आनंद १ मिळेल, पण जमल्याची भावना ५ असू शकते. रात्री एकदम आठवून लिहिलेली नोंद मात्र फारशी कामाची नाही, कारण तेव्हा सगळा दिवस सारखाच करडा दिसतो.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज एक किंवा दोन कामं वेळेसकट ठरवायची. ‘व्यायाम करायचा’ हे काम झालं नाही. ‘सकाळी साडेसातला बूट घालून दहा मिनिटं चालायचं’ हे काम. मन लागेल तेव्हा करू म्हटलं की ते होत नाही, कारण इथे क्रम उलटा आहे : आधी कृती, इच्छा मागाहून येते. करण्याआधी किती बरं वाटेल याचा अंदाज लिहावा, करून झाल्यावर प्रत्यक्ष आकडा. अंदाज २ आणि प्रत्यक्षात ४ असं पाचसहा वेळा दिसलं, की ‘काही उपयोग नाही’ या वाक्याला परस्पर उत्तर मिळतं.

काम राहून गेलं तर ते अर्ध्यावर आणावं. दहा मिनिटांची पाच करावीत. आणखी एक चूक सर्रास दिसते : यादीत नुसती कर्तव्यं भरली जातात. बिलं, साफसफाई, राहिलेले ईमेल. अशा यादीने थकवा वाढतो. एखादं काम तरी माणसांच्या सहवासाचं किंवा निव्वळ आवडीचं हवं.

विचारांची नोंद कुठे फसते

तक्ता सगळ्यांना ठाऊक असतो : प्रसंग, भावना, विचार, बाजूचे पुरावे, विरोधातले पुरावे, संतुलित विचार, आणि शेवटी भावनेची तीव्रता पुन्हा एकदा. गडबड होते ती विचाराच्या रकान्यात. तिथे लोक भावना लिहितात (‘खूप वाईट वाटलं’), घटना लिहितात (‘तिने मेसेजला उत्तर दिलं नाही’) किंवा प्रश्न लिहितात (‘माझ्याच बाबतीत असं का?’). यातलं काहीच तपासता येत नाही. प्रश्नाचं आधी विधान करावं. ‘उत्तर आलं नाही, म्हणजे मी तिला नकोशी झाले आहे’ हे तपासता येतं. त्यावर किती टक्के विश्वास आहे तेही लिहावं, समजा ८५.

बाजूचे पुरावे टाळू नयेत. ते गाळून थेट ‘सगळं छान होईल’ लिहिलं तर मन ते मानतच नाही. संतुलित विचार साधाच असतो : ‘दोन दिवस उत्तर नाही हे खरं. मागच्या महिन्यातही ती उशिरा बोलली होती आणि तेव्हा कारण कामाचं होतं. नक्की काय ते मला माहीत नाही.’ ८५ टक्क्यांचे ५५ झाले तरी नोंद यशस्वी. शून्याचा हट्ट धरणारेच लवकर कंटाळतात.

शिवाय काही विचार खरेच निघतात. नोकरी खरोखर धोक्यात असेल, तर त्या विचाराला खोडायला बसू नये. तिथे प्रश्न सोडवण्याचं काम हवं. आणि तक्ता भरता भरता तोच विषय पाऊण तास घोळवला जात असेल, तर तो नुसता रवंथ. पंधरा मिनिटांचा गजर लावावा, वाजला की वही मिटून हातापायांना काम द्यावं.

सेशनचा वेळ

जाण्याआधी दोन ओळी लिहून न्याव्यात : आज काय मांडायचं, आणि गृहपाठात, म्हणजे घरी करायच्या नोंदी आणि कामांत, काय अडलं. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं गृहपाठ पाहण्यात जायलाच हवीत. थेरपिस्ट सलग दोनदा त्याबद्दल विचारत नसेल, तर तो गृहपाठ आपोआप बंद पडतो, हे दोघांनीही लक्षात ठेवावं. निघताना पुढचं काम स्वतःच्या शब्दांत लिहावं आणि ‘हे होणार नाही असं काय घडू शकतं?’ हा प्रश्न तिथेच सोडवावा. शक्य असेल तर पहिले काही आठवडे आठवड्यातून दोन सेशन घ्यावीत. एकूण संख्या तीच ठेवून ती सुरुवातीला जवळ जवळ घेतली तर निकाल चांगला लागतो, असं अभ्यासात दिसलं आहे.

एवढं करूनही आकडा अडला असेल, तर निदानाकडे परत जावं. थायरॉइड, रोजची दारू, न मिटलेला निद्रानाश, आणि पूर्वी कधी झोपेची गरजच न वाटता उत्साह उतू गेलेले दिवस. हे शेवटचं बायपोलर आजाराकडे (ज्यात अति उत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येतात) बोट दाखवू शकतं आणि तिथे उपचाराची दिशाच बदलते. तीव्र किंवा वर्षानुवर्षं चाललेल्या नैराश्यात औषध आणि सीबीटी एकत्र घेण्याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं. चालू असलेलं औषध मात्र मनाने बंद करू नये.

बरं वाटू लागलं की सेशन एकदम थांबवू नयेत. आधी पंधरवड्याने, मग महिन्याने अशी विरळ करावीत. तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेलं असेल, तर सजगतेवर (माइंडफुलनेस) आधारलेला आठ आठवड्यांचा वर्ग हा पुढचा टप्पा म्हणून विचारात घ्यावा. वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःची पहिली तीन लक्षणं लिहून ठेवावीत, जसं की फोन न उचलणं, आंघोळ टाळणं, पहाटे चारला जाग येणं. त्याखाली एक आकडा ठरवावा : पीएचक्यू-९ सलग दोनदा दहाच्या वर गेला, तर त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्यायची.