कोल्हापुरात गणिताच्या संशोधक विद्यार्थ्यांची परिषद भरवताना: तयारीची यादी

परिषद भरवायची ठरली की पहिली बैठक सहसा बॅनर, बॅगा आणि प्रमुख पाहुणे यांतच संपते. या यादीत तो क्रम उलटा ठेवला आहे. संशोधक विद्यार्थ्यांनी संशोधक विद्यार्थ्यांसाठी भरवलेल्या परिषदेत मार्गदर्शकांखेरीज कोणासमोरही आपले प्रमेय मांडायची संधी न मिळालेल्या विद्यार्थ्याला वेगळ्या शाखेतल्या श्रोत्यांसमोर ते समजावून सांगता आले पाहिजे. ज्या तयारीने हे साधते ती आधी करावी. बाकीची तयारी वेळ आणि पैसा उरेल तशी.

तारीख ठरवताना पाऊस, परीक्षा आणि देवी या तिन्हींचा विचार करावा. जुलै-ऑगस्ट वगळावेतच, 2019 आणि 2021 च्या महापुरांत पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली होती. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे शहरात लॉजची खोली मिळणे अवघड होते. सीएसआयआर-नेट या, संशोधन फेलोशिप आणि प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या तारखा जाहीर झाल्या आहेत का ते पाहावे, कारण एम.एस्सी.चे जे विद्यार्थी श्रोते म्हणून यायला हवेत तेच त्या परीक्षेच्या अभ्यासात असतात. 22 डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिनी, ठिकठिकाणी कार्यक्रम असल्याने त्या आठवड्यात चांगले वक्ते मिळणे कठीण जाते. हे सगळे टाळून जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी सोयीचा पडतो. मात्र त्याआधी सत्रपरीक्षांचे वेळापत्रक पाहून सभागृह लेखी आरक्षित करावे, तोंडी शब्दावर विसंबू नये.

पैशाच्या कामाला तारखेइतकीच लवकर सुरुवात करावी. विद्यार्थ्यांच्या समितीचे स्वतःचे खाते नसते आणि निधी अधिविभागाच्या किंवा विद्यापीठाच्या खात्यातूनच फिरतो, म्हणून विभागप्रमुखांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे आणि एका प्राध्यापकांना समन्वयक होण्याची विनंती करावी. निर्णय विद्यार्थ्यांनीच घ्यायचे आहेत, हेही त्यांच्याशी तेव्हाच मोकळेपणाने बोलून घ्यावे. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत 1983 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उच्च गणित मंडळ परिषदांना अर्थसाहाय्य देते. तिथे कित्येक महिने आधी अर्ज करावा, आणि त्यासाठी तात्पुरता कार्यक्रम, वक्त्यांची संमती व अंदाजपत्रक हाताशी ठेवावे. मंडप, जेवण आणि छपाईसाठी तीन-तीन दरपत्रके आधीच मागवावीत, नाहीतर बिले पुढे लेखा विभागात अडकतात. नोंदणी शुल्क ठरवताना ज्यांना फेलोशिप नाही, किंवा जिची रक्कम महिनोन्महिने हाती पडत नाही, त्यांचा विचार करून त्यांना सवलत द्यावी.

गोषवारे मागवताना लेटेकचा (गणिती मजकूर जुळवण्याच्या संगणकप्रणालीचा) एक साधा नमुना द्यावा, शब्दमर्यादा 200 ठेवावी आणि स्वतःची मॅक्रो, म्हणजे स्वतः बनवलेल्या आज्ञा, वापरू नयेत असे स्पष्ट लिहावे; पन्नास जणांनी पन्नास तऱ्हांनी लिहिलेल्या आज्ञा एका पुस्तिकेत एकत्र करताना दोघांचा आठवडा जातो. प्रत्येकाकडून 2020 च्या गणित विषय वर्गीकरणातला क्रमांकही घ्यावा. त्यात 63 मुख्य विभाग आहेत, आणि त्यांच्या आधारे सत्रे लावणे सोपे जाते: 05 म्हणजे संयोगशास्त्र, 34 म्हणजे सामान्य अवकल समीकरणे, 83 म्हणजे सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षण. (या शेवटच्या विषयात मोठे काम केलेले विष्णू वासुदेव नारळीकर आणि जयंत नारळीकर या पितापुत्रांचा जन्म कोल्हापुरातच झाला, हे इथल्या संयोजकांनी पाहुण्यांना अवश्य सांगावे.) तरीही सगळी सत्रे एकाच विषयाची करू नयेत. दिवसातले किमान एक सत्र मुद्दाम मिश्र ठेवावे आणि त्यातल्या वक्त्यांना पहिली पाच मिनिटे व्याख्या आणि उदाहरणे यांवरच घालवण्याची सूचना लेखी द्यावी. ग्राफ थिअरीवाल्याला बानाख अवकाश ही दुसऱ्या शाखेतली संकल्पना आठवत नसेल, तर त्याची लाज वाटायला नको इतके त्या सत्राचे वातावरण मोकळे असावे.

निवडीचा निकाल केव्हा कळवायचा हे रेल्वेच्या आरक्षणावरून ठरवावे. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते, तेव्हा परिषदेच्या किमान 70 दिवस आधी प्रत्येकाच्या हातात स्वीकृतीचे पत्र असावे. कोल्हापूर हे शेवटचे स्थानक असल्याने येथवर येणाऱ्या थेट गाड्या मोजक्याच आहेत. दूरच्या अनेकांना मिरजेला उतरून पुढे यावे लागते, ही माहिती पत्रातच द्यावी. पहाटे किंवा सकाळी लवकर पोहोचणाऱ्यांसाठी शाहू महाराज टर्मिनसवर आणि मध्यवर्ती बसस्थानकावर स्वयंसेवक उभे करावेत. मुलींच्या निवासाची सोय सर्वांत आधी पक्की करावी आणि तिथे रात्री उपलब्ध असणाऱ्या दोन विद्यार्थिनींचे क्रमांक पत्रात छापावेत.

आता फळा. यादीतली सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती आदल्या संध्याकाळी आठवते. नव्या सभागृहांत पडदा मोठा असतो, पण फळा नसतो किंवा पडद्यामागे झाकलेला असतो. सिद्धतेची एक ओळ सर्वांसमोर लिहिता आली नाही, तर गणिताच्या व्याख्यानाचा जीवच जातो, म्हणून दिमाखदार सभागृहापेक्षा दोन रुंद फळ्यांची साधी वर्गखोली निवडावी. आठवडाभर आधी दुपारी दोन वाजता त्या खोलीत जाऊन फळ्यावर साध्या आकारात एक इंटिग्रल लिहावे, त्याला खालची-वरची मर्यादा घालावी आणि शेवटच्या बाकावर बसून ती मर्यादा वाचता येते का ते पाहावे. खिडकीतून येणारा उजेड फळ्यावर चकाकत असेल, तर पडद्यांची सोय करावी. पांढरे आणि पिवळे खडू भरपूर घ्यावेत. लाल आणि निळा खडू मागून दिसत नाही. डस्टर निदान चार असावेत आणि प्रत्येक सत्रानंतर फळा ओल्या फडक्याने पुसण्याचे काम एकाच्या नावावर लिहून ठेवावे.

सादरीकरणे फक्त पीडीएफ स्वरूपात घ्यावीत, म्हणजे चिन्हे बिघडत नाहीत. लेटेकमध्ये सादरीकरणे बनवायच्या बीमरचे मूळ माप 4:3 असते. आपला प्रोजेक्टर कोणत्या मापाचा आहे ते वक्त्यांना आधी कळवावे. सर्व फायली आदल्या रात्री एकाच लॅपटॉपवर उघडून पाहाव्यात.

प्रत्येकाला 20 मिनिटे बोलायला, पाच मिनिटे प्रश्नांना आणि पाच मिनिटे वक्ता बदलण्यासाठी अशी अर्ध्या तासाची आखणी ठेवावी आणि ती मोडू देऊ नये. समांतर सत्रांत एका खोलीचे घड्याळ मागे पडले की श्रोत्यांना खोली बदलता येत नाही. सत्राध्यक्ष संशोधक विद्यार्थीच असावेत. पाच मिनिटे आणि एक मिनिट उरल्याचे फलक त्यांच्या हाती द्यावेत, आणि ज्येष्ठ प्राध्यापकांचे भाषणवजा प्रश्न नम्रपणे चहाच्या वेळेकडे वळवण्याचा अधिकार त्यांना आहे, हे उद्घाटनातच जाहीर करावे. कोणी प्रश्नच विचारला नाही तर पहिला प्रश्न अध्यक्षांनी विचारायचा, म्हणून त्यांनी गोषवारा आधी वाचून एक खरा प्रश्न लिहून आणावा. पहिल्यांदाच बोलणाऱ्याला शांत सभागृहापेक्षा अधिक खचवणारे काही नसते.

उद्घाटन 30 मिनिटांत संपवावे. दीपप्रज्वलन, स्वागत आणि एक छोटे मनोगत पुरे. शाल-श्रीफळांची रांग आणि लांबलेले आभारप्रदर्शन यांत दोन विद्यार्थ्यांची व्याख्याने खर्ची पडतात. वाचलेला वेळ चहाच्या सुट्टीला द्यावा आणि चहाच्या जागीही एक फळा व खडू ठेवावेत.

जेवणात तिखट बेताचे ठेवावे आणि कांदा-लसूण चटणी वेगळ्या वाटीत द्यावी. कांदा-लसणाशिवायच्या जेवणाची नोंद अर्जातच घ्यावी. तांबडा-पांढरा रस्सा पाहुण्यांना खायला घालायची हौस असेल, तर ती रात्रीच्या जेवणात भागवावी; दुपारच्या सत्रात झोप नको.

प्रमाणपत्रांवरील नावे नोंदणी अर्जाशी ताडून घ्यावीत, आणि ज्याने व्याख्यान दिले त्याच्या प्रमाणपत्रात व्याख्यानाचे शीर्षक असावे. प्रवासखर्चाची मूळ तिकिटे शेवटच्या दिवशी जेवणापूर्वी गोळा करावीत. उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला) आणि हिशेब महिन्याभरात सादर करावेत. सगळी दरपत्रके, पत्रांचे मसुदे आणि परिषदेच्या ईमेलचा पासवर्ड पुढच्या वर्षीही अधिविभागात असणाऱ्या किमान दोघांकडे सोपवावा, कारण यंदाचे संयोजक तोपर्यंत प्रबंध सादर करून गेलेले असतात.